खालच्या स्टेशनची रंभाबाई

रंभाबाईला आमच्या वेशीमागच्या पेठेत सगळे भांडखोर म्हणत. मीही म्हणे. फरक एवढाच, की मला ती त्यामुळेच आवडे. मी इथल्या मुलींच्या शाळेत शिकवते. शाळेच्या मागच्या खिडकीखाली सार्वजनिक नळ आहे. तिथं कुणी रांग मोडली की रंभाबाईचा आवाज चढे आणि चौथीच्या मुली पाढे सोडून कान टवकारत. मी त्यांना दटावी आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभी राही. आता ती पेठ सोडून गेली आहे, पलीकडे गिरणीत कामाला जाते, आणि नळावर जो तो आपल्या मर्जीनं घागर लावतो.

आज तिच्याविषयी लिहायला बसले आहे ते मात्र कौतुकानं नव्हे, संतापानं. परवा एका डोहाळजेवणाला गेले होते. चांगल्या घरच्या, शिकल्यासवरल्या बायका जमल्या होत्या. नव्या बोगद्यामुळे स्टेशनला जाणं किती सोयीचं झालं, आत किती गार वाटतं, असं बोलणं चाललं होतं. एक बाई म्हणाल्या, "तिथंच ना तो मजूर मेला? पिऊन पडला होता म्हणे." दुसऱ्या म्हणाल्या, "पिऊन कसला, बायकोला कंटाळून बसला होता मरायला." आणि सगळ्या हसल्या. मी ताटातली करंजी तशीच ठेवून उठले.

तो मजूर म्हणजे रामहरी, रंभाबाईचा नवरा. त्यानं दारूला कधी हात लावला नव्हता. आणि मरायला तर तो मुळीच बसला नव्हता. तो का बसला हे या पेठेत सगळ्यांना कळलेलं आहे, चौकशीच्या साहेबांनी ते भर दुपारी चारचौघांत मान्य केलेलं आहे, तरीही लोक जुनंच उगाळतात. खरं कळूनही जे खोटं बोलतात त्यांचा मला जास्त राग येतो.

रंभाबाईचं माहेर दुधनीकडचं, सासर मंद्रूपचं. नवरा-बायको दोघांनाही मराठीइतकीच कानडी येई. रामहरीचा थोरला भाऊ आप्पा हा घरचा कारभारी. रामहरी म्हणजे सांगितलं काम ऐकणारा माणूस. बस म्हटलं की बसणार, ऊठ म्हटलं की उठणार. एकदा मंद्रूपच्या बाजारात आप्पानं त्याला सांगितलं, "बैल धरून हितंच थांब," आणि स्वतः सोयऱ्याच्या गाडीत बसून घरी निघून गेला. बाजार उठला, पालं निघाली, दिवेलागण झाली, तरी रामहरी बैल धरून उभाच. शेवटी रंभाबाई गेली आणि त्याला हाताला धरून घेऊन आली. वाटेत तिनं नवऱ्याला शिव्या घातल्या आणि घरी आल्यावर दिराला. त्या रात्री तिनं ठरवलं, की हा माणूस इथं राहिला तर भाऊ त्याला बैलाच्या जागी जुंपेल. दुसऱ्याच महिन्यात ती त्याला घेऊन सोलापूरला आली. बायको दिराशी भांडून नवऱ्याला घेऊन निघते म्हटल्यावर सगळ्या मंद्रूपनं तिला नावं ठेवली.

इथं तेव्हा खालच्या स्टेशनचं काम निघालं होतं. आमची पेठ रुळांच्या अलीकडे, स्टेशन पलीकडे. पेठेतली माणसं वर्षानुवर्षं रूळ ओलांडूनच जात आणि अधूनमधून कुणीतरी गाडीखाली सापडे. म्हणून रुळांच्या खालून बोगदा काढायचं ठरलं. पेठेच्या बाजूनं पायऱ्या उतरायच्या, खाली तिकिटाची खिडकी, बसायला दगडी बाक, आणि पुन्हा पायऱ्या चढून थेट फलाटावर. जमिनीखाली तिकीट मिळणार ही मोठी अपूर्वाई होती. खोदाई अर्धीही झाली नव्हती तेव्हाच पेठेनं त्याचं नाव ठेवून टाकलं, खालचं स्टेशन.

आता आमच्या पेठेखालची माती आहे पांढरी. जुनी घरं पडली, त्यांच्या ढिगाऱ्यावर नवी उठली, तीही पडली, अशा थरांची ती माती. काळी माती निदान एकमेकीला धरून असते. पांढरी हातात घेतली की पिठासारखी सुटते. पेठेत कुणी नुसता परसाकडचा खड्डा खणला तरी दोन्ही बाजूंना फळ्या आणि मध्ये आडवे टेकू लावून घेतो. हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कंत्राटदार वेणीमाधवरावांनाही ठाऊक होतं, कारण सुरुवातीच्या खोदाईला त्यांनी फळ्या लावल्या होत्या. पुढं काम खोल गेलं तशा फळ्या कमी पडल्या. मजुरांनी विचारलं की ते म्हणत, "लाकूड यायचंय. तोवर हात चालू ठेवा."

रंभाबाई बोगद्याच्या तोंडाशी मातीची घमेली वाही. रामहरी आत कुदळ चालवी. दिवाळी होऊन गेली आणि त्याला मल्लय्याच्या टोळीत टाकलं. मल्लय्या मुकादम मूळचा विणकर, तेलुगू माणूस. हातमाग बंद पडले म्हणून तो आणि त्याचे भाऊबंद खोदाईवर आले होते. त्या टोळीत एकटा रामहरी तेवढा मराठी.

त्या दिवशी दुपारी रंभाबाई घमेलं रिकामं करायला लांब गेली होती, तेव्हा वरची माती सुटू लागली. आधी थोडी भुरभुरली, मग ढेकळं आली. मल्लय्यानं ओरडून सगळ्यांना बाहेर बोलावलं. टोळी धावत पायऱ्यांकडे आली. रामहरी सगळ्यात आत होता. त्यानं हाक ऐकली, मल्लय्याकडे पाहिलं, कुदळ खाली ठेवली आणि भिंतीला टेकून खाली बसला. मल्लय्या पुन्हा ओरडला. रामहरी हलला नाही. मग भिंत आली.

हे टोळीतल्या सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि हीच तर पंचाईत होती. कुणी खोटं बोलत नव्हतं. माणसाला बाहेर बोलावलं आणि तो खाली बसला. वेणीमाधवरावांनी हात झटकले. "हाक ऐकून जो बसतो तो एक तर प्यायलेला असतो, नाही तर आडमुठा. त्याला मी काय करू?" तेराव्याला मंद्रूपहून आप्पा आला. भाऊ गेल्याचं दुःख असेल त्याला, नाही म्हणत नाही. पण सगळ्यांदेखत तो म्हणाला, "त्येच्या मनातच आलं आसंल मरायचं. अशा बायकूसंगं किती दिस काडंल मानूस?" आणि बसलेल्यांतल्या निम्म्यांनी माना डोलावल्या.

मी तिथं होते. रंभाबाई रडत नव्हती. मढं उकरून काढलं तेव्हाही ती रडली नव्हती आणि त्याचीही पेठेत कुजबुज झाली होतीच. ती उठली आणि आप्पासमोर जाऊन उभी राहिली.

"ज्या मानसानं जल्मात कुनाचा सबूद मोडला न्हाय, त्यो मरताना मोडंल व्हय? तुमी त्येला बाजारात इसरून आला तरी उबा व्हता त्यो. आमच्या मानसानं हुकूम मोडला न्हाय, आन जीव बी दिला न्हाय. ह्ये चार मानसांत कबूल झालं पायजे. तवर म्या कुनाला सोडत न्हाय."

तेव्हापासून तिला दुसरं काही सुचेना. ज्याला त्याला अडवून विचारी, तेव्हा काय झालं, तो कसा बसला, बसताना तोंड कसं होतं. लोक तिला टाळू लागले. तिनं मलाही विचारलं, "मास्तरीनबाई, मानूस ये म्हनल्यावर बसतं का?"

उत्तर मिळालं ते नळावर. सकाळची वेळ होती. माझी घागर भरली होती, रंभाबाईची नळाखाली होती. समोरच्या घरातली नरसम्मा, तीही तेलुगू विणकराच्या घरची, तिची मुलगी काही केल्या घराबाहेर येईना. नरसम्मा उंबऱ्यापाशी जाऊन वैतागून ओरडली, "बैटिकि रा! बैटिकि रा!" मुलगी फणफणत बाहेर आली.

रंभाबाईनं मान वळवली. "नरसम्मा, तू तिला बस म्हनलीस, आन ती भाईर कशी आली?"

"बस कुठं म्हणले? बाहेर ये म्हणले."

"बैठ की, रा, म्हनलीस न्हवं?"

नरसम्मा हसली. "ते आमच्यात बाहेर ये. बैटिकि म्हणजे बाहेर, रा म्हणजे ये."

मी खिळून उभी राहिले. आमच्याकडे 'रा' म्हणजे राहा. बैठ म्हणजे बस, हे सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही, गल्लीतली मुसलमान पोरं दिवसभर तेच ओरडत असतात. आणि 'की' तर आम्ही वाक्यागणिक लावतो. बैठ की, रा. बस की, राहा. माती सुटत असताना मुकादमानं जिवाच्या आकांतानं ओरडून सांगितलं, बाहेर ये. रामहरीनं ऐकलं, खाली बस, तिथंच राहा. मुकादमाला खोदाईतलं जास्त कळतं, असा विचार करून त्या गरिबानं कुदळ ठेवली आणि सांगितल्याप्रमाणे बसला. दुसऱ्यांदा हाक आली तेव्हा आणखी घट्ट बसला असेल.

रंभाबाईची घागर भरून वाहत होती. ती तशीच सोडून ती मल्लय्याच्या घराकडे चालू लागली आणि मी तिच्या मागोमाग.

मल्लय्या दारातच होता. तिनं त्याला एकच विचारलं, "काय वराडला व्हतास तू? तुज्या तोंडानं बोल."

त्यानं सांगितलं. खाली मान घालून, हळू आवाजात, तेच दोन शब्द.

"माज्यासंगं हुज्जत घालताना तुला मराटी येती. आमच्या मानसाला काम सांगताना येती. जीव वाचवायच्या येळंलाच इसरलास व्हय? निदान 'बा' म्हनला असतास कानडीत, तरी आला असता की त्यो!"

"माती सुटलेली बघून मी भ्यालो, बाई. भ्यालो की तोंडात आईचीच बोली येते. काय करू?"

"आन तुला कवा कळलं ह्ये?"

मल्लय्या म्हणाला, "तो बसला तेव्हाच कळलं. दुसऱ्यांदा मराठीत ओरडणार होतो. तोंडातून परत तेच आलं."

"मग इतके दिस दातखीळ बसली व्हती?"

"मालक म्हणाले, हे बोलशील तर दोष तुझ्यावर येईल. माझ्या टोळीत माझेच सगळे भाऊ आहेत."

रंभाबाईनं हात उगारला. मल्लय्यानं डोळे मिटून मान पुढं केली. तिनं हात खाली घेतला. "तुला मारून काय व्हतंय? साएबाम्होरं चल, आन ह्येच बोल."

तो आला, हे मी त्याच्या बाजूनं मुद्दाम लिहून ठेवते. अपघाताच्या चौकशीला आलेले साहेब बोगद्याच्या तोंडाशी पत्र्याच्या शेडमध्ये बसले होते. वेणीमाधवराव शेजारच्या खुर्चीवर. मल्लय्यानं सगळं सांगितलं. साहेबांना आधी नीट समजलं नाही. त्यांनी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. मग स्वतः म्हणून पाहिलं, एकदा तेलुगूत, एकदा आपल्याकडचं. आणि त्यांना हसू फुटलं. "वा! म्हणजे तो म्हणतो ये, आणि हा ऐकतो राहा! कमाल आहे या गावाची!" वेणीमाधवरावही हसले. ते जरा जास्तच मोकळेपणानं हसले.

मग साहेब गंभीर झाले आणि सौम्यपणे म्हणाले, "बाई, तुमच्या नवऱ्याचा दोष नाही. तो प्यायलेला नव्हता, हुकूमही त्यानं मोडला नाही. हा सगळा भाषेचा घोटाळा. मुकादमाचा दोष नाही, कंत्राटदारांचा नाही, कुणाचाच नाही. झालं समाधान?"

तिनं जे मागितलं होतं तेच मिळालं होतं, आणि चार माणसांत मिळालं होतं. मला वाटलं, जिंकली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो झटकून टाकला.

"साएब, सबुदानं भित पडती व्हय?"

साहेबांना कळलं नाही.

"आमचं मानूस बसलं, ते सबुदानं बसलं. मानलं. पर भित कशानं पडली? फळ्या कुटं हुत्या?"

वेणीमाधवराव चटकन म्हणाले, "लाकूड आलंच नव्हतं. मी काय झाड उगवू?"

साहेब टोपी घालत म्हणाले, "तो विषय वेगळा आहे, बाई."

वेगळा विषय! माणूस ज्याच्याखाली गाडला गेला ती भिंत म्हणजे वेगळा विषय! जणू रामहरी व्याकरणाच्या चुकीनं मेला. तिनं इतके दिवस धडपडून जे खरं शोधून आणलं, त्याचंच पांघरूण करून हे दोघे आपल्या अंगावर ओढून मोकळे झाले. मी तेव्हा जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. साहेब मला म्हणाले, "तुम्ही तर शिकलेल्या दिसता." मी म्हटलं, "तुम्हीही दिसता." त्यापुढं मला शेडबाहेर जायला सांगण्यात आलं.

काम पुन्हा सुरू व्हायचा दिवस ठरला. फळ्या नव्हत्याच. त्या सकाळी टोळ्या आल्या तेव्हा रंभाबाई वरच्या पायरीवर फतकल मारून बसली होती. कुणाला खाली उतरायचं तर तिला ओलांडूनच जावं लागलं असतं. वेणीमाधवराव आले, ओरडले, पोलिसांचं नाव काढलं, तिच्या जातीचा आणि तोंडाचा उद्धार केला. एरवी एकाला दहा ऐकवणारी ही बाई त्या दिवशी एकच वाक्य बोलत होती, "फळ्या आना."

"उठव रे तिला," वेणीमाधवराव मल्लय्याला म्हणाले.

मल्लय्यानं खांद्यावरची कुदळ खाली ठेवली आणि तो तिच्या खालच्या पायरीवर बसला. मग त्यानं मागं वळून सगळ्यांना सांगितलं, आधी तेलुगूत, मग मराठीत, मग मोडक्यातोडक्या कानडीत, की लाकूड लागल्याशिवाय कुणी आत उतरायचं नाही. तिन्ही वेळा सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. माणसं एकेक करून खाली बसली. पायऱ्या भरल्या तशी रस्त्यावर बसली. शाळेची घंटा होऊन गेली होती. मी त्या दिवशी गेले नाही.

वेणीमाधवराव बराच वेळ घाम पुसत येरझारा घालत होते. मग त्यांनी कारकुनाच्या कानात काहीतरी सांगितलं.

ऊन तापायच्या आत बैलगाडी आली. गाडीभर फळ्या. जाड, सरळ, करवतून ठेवलेल्या. लाकूड मिळत नाही म्हणणाऱ्याच्या घरी लाकूड इतक्या लवकर आलं कुठून, असं मी मोठ्यानं विचारलं. गाडीवान भोळा होता. त्यानं मानेनंच मागची गल्ली दाखवली. मालकांचं गोदाम तिथंच आहे, दोन वळणांवर.

रंभाबाई उठली आणि गाडीशी गेली. फळ्यांवर धूळ होती, कबुतरांची घाण होती. वरच्या फळीवर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली होती आणि दोन फळ्यांच्या फटीत वाळून काळी पडलेली झेंडूची फुलं अडकली होती. तिनं एक ओढून काढलं. हातात त्याचा चुरा झाला.

"ह्ये खंडेनवमीचं हाय न्हवं?" तिनं गाडीवानाला विचारलं.

"व्हय की. समद्या अवजारांसंगं पुजल्या की मालकांनी. म्याच रचून ठिवल्या हुत्या."

खंडेनवमी म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस. रामहरी गेला तो दिवाळी उलटल्यावर. आजूबाजूला बसलेल्या माणसांनी मनातल्या मनात हा हिशेब केला असावा, कारण एकेकाची मान वेणीमाधवरावांकडे वळली. वेणीमाधवराव शेडमध्ये निघून गेले.

इतके दिवस न रडलेली ती बाई चाकाला धरून खाली बसली आणि जी हंबरडा फोडून रडू लागली ती कुणाला आवरेना. मी तिला धरलं. तिचा चेहरा माझ्या पातळात होता, आणि त्यातून तिचे शब्द मला एकटीलाच ऐकू येत होते.

"फळ्यांस्नी कुंकू लावून घरात ठिवल्या, मास्तरीनबाई, आन माजं पुसलं."